पेलेटची शेगडी धूर करू लागली तर

पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांच्या, शेगडीतून धूर यायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘या वेळचा माल ओला दिसतोय.’ कधी कधी तो खरंच ओला असतो. पण बरेचदा गोणी बदलूनही धूर तसाच राहतो, कारण दुखणं मालात नसतं, जाळीखाली साठलेल्या दोन मुठी राखेत असतं. ही शेगडी पेलेटवर चालते असं आपण म्हणतो. खरं तर ती हवेवर चालते. तिची साफसफाई म्हणजे हवेच्या वाटा मोकळ्या ठेवणं. बाहेरून घासून लखलखीत केलेली शेगडी आतून तुंबलेली असू शकते, आणि बाहेरून काळवंडलेली शेगडी सुरेख जळत असते.

युरोप-अमेरिकेत पेलेट स्टोव्ह म्हटलं की काचेच्या दाराचं, खोली गरम करणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. पुण्याची थंडी स्वेटर आणि शालीत भागते, त्यामुळे इथे त्या यंत्राचं काम नाही. इथे पेलेट जळतात ते स्वयंपाकाला आणि आंघोळीच्या पाण्याला: मेसच्या मागच्या पडवीत, केटररच्या शेडमध्ये, मुळशी-भोरकडच्या शेतघरात, बंगल्याच्या परसात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून आलेली ‘ऊर्जा’ ही पंख्याची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हापासून हा प्रकार महाराष्ट्रात ओळखीचा झाला. पुढचं सगळं अशा पंख्याच्या, वरून पेटवायच्या घरगुती शेगडीबद्दल आहे.

आत काय चालतं

लाकडाचा तुकडा तापवला तर तो लगेच पेट घेत नाही, आधी धूर सोडतो. हा धूर म्हणजे वाया गेलेलं इंधनच. चुलीत तो डोळ्यांत जातो. पेलेटच्या शेगडीत तो जाळायचा असतो, आणि त्यासाठी पंख्याची हवा दोन वाटांनी आत नेलेली असते.

थोडी हवा तळाच्या जाळीतून पेलेटच्या थरात शिरते. ती पेलेट धुमसत ठेवते आणि त्यांतून वायू सुटतो. उरलेली हवा शेगडीच्या दुहेरी भिंतीमधल्या पोकळीतून तापत वर चढते आणि भांड्याच्या खाली, काठालगतच्या छिद्रांच्या रांगेतून आत येते. तिथे ती वर आलेल्या धुराला गाठते आणि धूर पेटतो. आपल्याला दिसणारी ज्वाला ती हीच. सोयीसाठी खालच्या हवेला पहिली आणि वरच्या हवेला दुसरी म्हणू.

पेलेट भरायचे, वर नारळाची शेंडी आणि कापराच्या दोन वड्या ठेवून पेटवायचं, मग पंखा आधी मंद आणि ज्वाला सगळीकडे धरली की मोठा करायचा. आग वरून खाली सरकत जाते. ६०० ग्रॅम पेलेट भरले तर पाऊण ते एक तास चालतात. शेवटी वायू संपतो, नुसता कोळसा उरतो, ज्वाला बुटकी आणि निळसर होते. या शेवटच्या टप्प्यात जाळीजवळची उष्णता सगळ्यात जास्त असते, हे लक्षात ठेवा. खंगराची, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेची, गोष्ट येईल तेव्हा लागेल.

एवढं समजलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. पहिली हवा अडली तर शेगडी पेटायला वेळ लावते, ज्वाला अशक्त राहते, तळाचे पेलेट अर्धवट जळून काळे उरतात. दुसरी हवा अडली तर ज्वाला लांब, पिवळी, लोंबती होते आणि पातेल्याच्या बुडाला काजळीचा थर चढतो. दोन्ही मंदावल्या असतील तर जाळी-छिद्रांआधी पंखा बघा. भारतीय मानकात (आयएस १३१५२) पंख्याच्या शेगडीकडून किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमतेची अपेक्षा आहे, बिनपंख्याच्या चुलीकडून २५ टक्क्यांची. मधले दहा टक्के पंख्याची कमाई. छिद्रं बुजलेली शेगडी चालवणं म्हणजे ती कमाई सोडून देऊन वर विजेचा खर्च करणं.

राख: रोजचं काम

राख किती पडेल हे पेलेट कशाचे आहेत त्यावर ठरतं. लाकडाच्या भुशाचे असतील तर वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास. भुईमुगाची टरफलं किंवा उसाचा चोथा असेल तर तीन ते पाच टक्के. आणि मावळ-मुळशीकडे गिरणीत सहज मिळणारं भाताचं तूस मिसळलेलं असेल तर बघायलाच नको, नुसत्या तुसात पंधरा-वीस टक्के राख असते. रोज एक किलो पेलेट जाळणाऱ्या घरात भुशाच्या मालाची महिन्याला जेमतेम ३०० ग्रॅम राख होते. पाच टक्केवाल्या मालाची दीड किलो. स्वस्त गोणी घेताना हा हिशेब दुकानदार सांगत नाही. तीच शेगडी पहिल्या मालावर दोन दिवसांआड साफ केली तरी चालते, दुसऱ्यावर प्रत्येक भरणीनंतर करावी लागते.

साफ करायची ती गार झाल्यावरच. राख गार लागली म्हणजे आतला निखारा विझला असं नाही. राख ही निखाऱ्याची गोधडी असते, तिच्याखाली तो दुसऱ्या दिवसापर्यंतही तग धरतो. म्हणून रात्रीची राख सकाळी काढा, आणि तीही पत्र्याच्या डब्यात. प्लॅस्टिकची बादली नको, कागदाची पिशवी नको, कचऱ्याचा डबा तर मुळीच नको. डबा फरशीवर झाकण लावून दिवसभर राहू द्या. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही राखेला लावू नका: बारीक राखेनं गाळणी बसते आणि एखादा जिवंत निखारा पिशवी जाळतो.

शेगडी उपडी करून आपटणं हा सगळ्यांचा आवडता मार्ग आहे आणि तो चुकीचा आहे. आतलं मातीचं किंवा सिरॅमिकचं अस्तर त्यानं तडकतं आणि राख थेट पंख्याच्या नळीत उतरते. जाळी सुटी निघत असेल तर ती काढून झटका. नसेल तर लांब दांड्याच्या चमच्यानं राख वर काढा आणि रंगाच्या दोन इंची ब्रशनं कडा झाडा. जाळीखालचा कप्पा विसरला जातो. शेगडीला राखेचा खण असेल तर तो ओढा, आत हात घालून मागच्या कोपऱ्यापर्यंत झाडा. हवा तिथूनच येते.

पाणी अजिबात नाही. राखेत पाणी गेलं की तिखट क्षाराचं पाणी होतं, ते पत्रा खातं आणि अस्तरात मुरतं. पुढच्या वेळी शेगडी पेटवली की अस्तरातल्या पाण्याची वाफ होते आणि भेग पडते.

खंगर

जाळीवर कधी कधी राखेऐवजी काचेसारखा, भोकं असलेला, हिरवट-करडा खडा सापडतो. वीटभट्टीवर जास्त भाजून वितळलेल्या विटेला खंगर म्हणतात, तोच शब्द इथेही नेमका बसतो. पाचट, पेंढा, तूस यांत सिलिका म्हणजे वाळूच असते, आणि पोटॅशचे क्षारही असतात. नुसती वाळू शेगडीच्या उष्णतेला दाद देत नाही, पण क्षार मिसळले की ती कितीतरी कमी उष्णतेला मऊ होते. काच कारखान्यातही वाळूत सोडा घालतात तो याचसाठी. पेलेटमध्ये शेतातली माती आली असेल तर आणखी भर.

खंगर जाळीच्या फटींवर झाकणासारखा बसतो. उरलेल्या फटींतून हवा जोरात घुसते, तिथे उष्णता वाढते आणि तिथेही खंगर धरतो. एकदा सुरू झालं की पसरत जातं ते यामुळे. म्हणून बोराएवढा खडा दिसला तरी त्याच दिवशी काढा. गार जाळीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक आडवं घालून उचकटला की तो सहसा अखंड सुटतो. हातोडीची गरज पडत नाही. तो होऊच नये यासाठी शेवटच्या कोळशाच्या टप्प्यात पंखा मोठा ठेवू नका. स्वयंपाक झाला असेल तर तो मंद करा. आणि तुसाचा किंवा पाचटाचा माल घरात येऊनच पडला असेल तर भुशाच्या पेलेटमध्ये निम्मा-निम्मा मिसळून संपवा.

दुधाची पिशवी पेटवण म्हणून टाकायची सवय असेल तर तीही मोडा. प्लॅस्टिक वितळून जाळीच्या भोकांत उतरतं आणि त्यात राख चिकटून घट्ट बूच बसतं.

वरची छिद्रं

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं द्यायची ती इथे. काठालगतची छिद्रं चार-पाच मिलिमीटरची असतात. धुराबरोबर उडालेली राख आणि उतू गेलेलं दूध, वरणाचा फेस, पिठाचे ओघळ हे सगळं त्यांत जाऊन भाजतं. उतू गेलेलं दूध सर्वांत वाईट. ते छिद्रात जळून काळी, कडक खपली होते आणि ब्रशला दाद देत नाही.

दाभण किंवा सायकलच्या चाकाची तुटकी तार घ्या. पंखा बंद. एका छिद्रापासून सुरुवात करून खडूनं तिथे खूण करा, नाहीतर कुठून निघालो ते फेरी संपताना कळत नाही. तार सरळ आत घालून गोल फिरवायची आणि बाहेर ओढायची. आत ढकलत राहिलात तर खपली भिंतीमधल्या पोकळीत पडेल आणि तिथून ती काढणं अवघड. ड्रिल लावू नका: छिद्र मोठं झालं की हवेचा झोत मंदावतो, आणि धुरात मिसळायला झोत जोरदारच लागतो. सगळी फेरी झाली की कोरड्या ब्रशनं झाडा, जाळीवर पडलेला कचरा काढा.

आता तपासणी. गार शेगडीचा पंखा सुरू करा, पेटती उदबत्ती एकेका छिद्रासमोर दोन बोटं अंतरावर धरा. छिद्र मोकळं असेल तर धुराची रेघ शेगडीच्या मध्याकडे झटकन वाकते. जिथे ती सरळ वर जाते ते छिद्र अजून बुजलेलं आहे. एका बाजूची पाच-सहा छिद्रं सलग बंद असली तर ज्वाला त्या बाजूला काळी आणि लोंबती होते. ‘शेगडी एका अंगाला जळते’ अशी जी तक्रार असते तिचं मूळ निघतं ते बहुधा इथे. क्वचित शेगडी तिरकी ठेवलेली असते, तेही बघून घ्या.

पंखा

घरगुती शेगडीत छोटा डीसी पंखा असतो, बऱ्याच शेगड्यांत १२ व्होल्टचा. तो हवेबरोबर घरातली धूळ, केस, पीठ आणि फोडणीच्या तेलाची वाफ ओढतो. तेल आणि पीठ मिळून पात्यांवर चिकट राप चढतो, पाती जड होतात, फेरे कमी होतात. आवाज तोच राहतो, म्हणून कानाला कळत नाही.

महिन्यातून एकदा बॅटरी किंवा अडॅप्टर काढून पंख्याची जाळी उघडा. जुन्या टूथब्रशला थोडं स्पिरिट लावून पाती पुसा. फुंकणीनं किंवा ब्लोअरनं हवा मारणार असाल तर पातं बोटानं धरून ठेवा. सुटं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं. कुरकुर येत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल नको. चोवीस अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, आणि पुण्यात डिसेंबरच्या सकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो.

शेगडी विझली की लगेच पंखा बंद करण्याचा मोह होतो. तो टाळा. हवा थांबली की आतला उरलेला धूर उलटा नळीत शिरतो, तिथे डांबरासारखा बसतो आणि उष्णता पंख्याच्या प्लॅस्टिकपर्यंत पोचते. स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पंखा मंद चालू द्या. याच कारणानं गुरुवारी, महावितरणच्या दुरुस्तीच्या दिवशी, अडॅप्टरवर भरवसा ठेवून पूर्ण भरणी करू नका. बॅटरी भरलेली असेल तरच करा. चालू शेगडीत लाईट गेलीच तर पातेलं उतरवा आणि राखेचा खण असेल तर तो अर्धा उघडा, म्हणजे थोडी तरी हवा आपोआप वर चढेल.

बॅटरी उतरली की पंखा फिरतो पण दमानं. ज्वाला पिवळी पडते आणि दोष पुन्हा पेलेटवर येतो. नवा अडॅप्टर आणताना व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू जुन्यावर छापलेली असते ती जुळवून घ्या. उलटी लागली तर पंखा फिरतच नाही किंवा काही पंखे उलटे फिरतात.

पेलेट आणि पावसाळा

पेलेट म्हणजे दाबून बसवलेला भुसा. त्यात ओल दहा टक्क्यांच्या आत हवी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की उघड्या गोणीतला माल नुसत्या हवेनं मऊ पडतो. चांगला पेलेट बोटांत वाकवला तर टक आवाज करून तुटतो आणि पाण्यात टाकला तर आधी बुडतो, मग काही मिनिटांत फुगून विरतो. तरंगला तर तो नीट दाबलेला नाही. न तुटता चुरगळला तर त्याला दमट हवा लागली आहे.

गोणी जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर फळी, फळीवर गोणी, भिंतीपासून वीतभर लांब. आठ दिवसांचा माल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात काढून घ्या. एक लिटरच्या मापात ६०० ते ६५० ग्रॅम पेलेट बसतात, म्हणजे माप ठरवलं की रोज वजन करायला नको. गोणीच्या तळाचा भुगा शेगडीत ओतू नका. तो पेलेटमधल्या फटी बुजवतो, पहिली हवा अडते आणि शेगडी नुसती धुमसते. पिठाच्या चाळणीनं चाळून घ्या.

पेलेट बंबात टाकून बघण्याचा प्रयोग जुन्या वाड्यांतून आलेली माणसं हमखास करतात. सहा-आठ मिलिमीटरचे पेलेट बंबाच्या जाळीतून निम्मे खाली पडतात, उरलेले एकमेकांना चिकटून बसतात आणि पंखा नसल्यामुळे पाणी तापायच्या आधी चौक धुरानं भरतो. बंबाला ढलप्याच बऱ्या.

न दिसणारा धोका

धूर दिसतो, म्हणून आपण खोकतो आणि खिडकी उघडतो. शेवटच्या कोळशाच्या टप्प्यात धूर नसतो, वास नसतो, आणि नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त सुटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे जे जीव जातात ते याच वायूनं. ‘आता नुसते निखारे उरलेत’ म्हणून शेगडी उबेसाठी खोलीत आणणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. शेगडी चालवायची ती पडवीत, अंगणात किंवा समोरासमोर खिडक्या उघड्या असलेल्या जागी. डोकं जड होणं, मळमळणं, पाय गळणं अशी लक्षणं दिसली की आधी माणसाला मोकळ्या हवेत न्या.

ज्वाला विझून नुसता पांढरा दाट धूर येऊ लागला तर तो न जळलेला वायू आहे. वाकून बघत काडी लावू नका. तो भपकन पेटतो. तोंड लांब ठेवून, पेटती काडी चिमट्यात धरून बाजूनं लावा.

अस्तर, दार, पाइप

आतल्या अस्तराला केसाएवढी भेग गेली तर काळजी नाही. नख शिरेल एवढी गेली की मात्र ती भरा, पण भट्टीच्या कामाच्या फायर सिमेंटनं. घरकामाचं सिमेंट तेवढ्या उष्णतेत भुसभुशीत होऊन पडतं. भरल्यावर दोन दिवस सावलीत वाळवा आणि पहिली भरणी अर्धीच करा.

इंधनाचं दार असेल तर त्याच्या कडेला हवा अडवायला बसवलेली दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून बंद करा. ओढल्यावर सहज निसटली तर दोरी गेली. पाणी तापवायच्या शेगडीला धुराचा पाइप असेल तर पावसाळ्यानंतर तो उतरवून आत ब्रश फिरवा. आत चकाकणारा काळा, डांबरी थर दिसला तर शेगडी बरेच दिवस धुमसत चालली आहे असं समजा; पाइप साफ करून ते थांबणार नाही, छिद्रांकडे परत जा.

राखेचं आणि रिकाम्या दिवसांचं

पूर्ण गार झालेली राख भांडी घासायला चालते. कुंड्यांत टाकायची असेल तर चिमूटभरच: आपली काळी माती आधीच क्षाराकडे झुकलेली, त्यात राख ओतली की गुलाब पिवळा पडतो. उरलेली राख कागदात नीट बांधून, ‘राख आहे’ असं सांगून कचरा घेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंकडे द्या. उघडी दिली तर ती त्यांच्याच नाकातोंडात जाते.

शेगडी दोन-तीन महिने वापरायची नसेल तर राख झाडून, बॅटरी वेगळी काढून, पंख्याच्या तोंडाला सुती फडकं बांधून ठेवा. फडकं विसरू नका. कुंभारीण माशीला ते छिद्र घर बांधायला फार आवडतं, आणि दिवाळीत शेगडी बाहेर काढल्यावर पंखा का फिरत नाही याचं उत्तर पात्यांमधल्या वाळलेल्या मातीच्या गोळ्यात सापडतं.